सातव्या महिन्यातली लस: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

अनघा (बी-३०४): अमेरिकेत गरोदर बायकांना लस सक्तीची करणारा कायदा आलाय, असा फॉरवर्ड फिरतोय. आपल्याकडेही येणार का?

डॉ. केतकी (सी-६०१): सक्ती कुठेच नाही, अनघा. ते मॅटर्नल व्हॅक्सिनेशन ॲक्ट नावाचं विधेयक. २०२१ मध्ये तिथल्या संसदेच्या दोन सभागृहांत, टेरी सिवेल यांनी प्रतिनिधिगृहात आणि टिम केन यांनी सिनेटमध्ये, मांडलं होतं. मागणी जनजागृतीची होती: जिथे लसीकरण कमी पडतं, तिथल्या गरोदर स्त्रियांपर्यंत खरी माहिती पोचवा. तेव्हा ते मंजूरही झालं नाही. फॉरवर्ड पुढे पाठवू नका, प्लीज.

सुलभाताई (ए-१०२): माहितीची गरज मात्र आपल्याकडेही आहे. धनुर्वाताची लस सगळ्यांना ठाऊक असते. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता टीडी देतात, म्हणजे घटसर्पही त्यात आला. पालिकेच्या दवाखान्यात, प्रसूतिगृहात फुकट मिळते. दिवस राहिल्याचं कळलं की पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. अर्धा मिली, दंडात. आधीच्या बाळंतपणात दोन्ही डोस झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले, तर एकच बूस्टर. उशीर झाला म्हणून टाळायचं नाही, छत्तिसाव्या आठवड्यानंतरही देतात.

डॉ. केतकी: राहून जाते ती टीडॅप. यात डांग्या खोकल्याचं संरक्षण जादा असतं. सरकारी कार्यक्रमात नाही, खासगीत विकत घ्यावी लागते. दुसऱ्या टीडीच्या जागी हीच घेता येते, २७ ते ३६ आठवड्यांत. आईच्या अंगात प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे घटक, तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, मग ती नाळेतून बाळाकडे जातात. बाळाची स्वतःची पेंटाव्हॅलंट, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरची लस, सहाव्या आठवड्यात सुरू होते. तोवर त्याच्याकडे आईचंच असतं तेवढं. म्हणून प्रत्येक गरोदरपणात नव्याने घ्यायची.

सुलभाताई: आणि गोची नेमकी इथेच. सातव्यात डोहाळजेवण, मग लेक माहेरी. मुंबईच्या डॉक्टरांना वाटतं तिकडे देतील, तिकडच्यांना वाटतं मुंबईत झाली असेल. फाइल कपाटात राहते. माता-बाल संरक्षण कार्ड पर्समध्येच हवं, आणि त्यावर लसीचं नाव, तारीख, बॅच नंबर. नुसतं ‘इंजेक्शन दिलं’ लिहिलेलं चालवून घेऊ नका.

प्रसाद (डी-२०२): मेडिकलमधून लस आणून दवाखान्यात नेणाऱ्यांसाठी: २ ते ८ अंश. फ्रीजरमध्ये नाही, बर्फाला चिकटवूनही नाही. टीडी, टीडॅप गोठली की निकामी होते. वितळली तरी पुन्हा चांगली होत नाही. आइसपॅक आणि लसीच्या खोक्याच्या मध्ये जाड पुठ्ठा ठेवा, आणि डॉक्टर बसलेत हे फोन करून विचारल्यावरच दुकानातून उचला.

अनघा: फ्लूची पण घ्यायची ना?

डॉ. केतकी: हो, इंजेक्शनची. नाकात फवारायची जिवंत विषाणूची असते, ती नको. मुंबईत फ्लू पावसाळ्यात वाढतो, त्यामुळे जूनच्या आधी झालेली बरी. टीडॅपसोबत एकाच दिवशी वेगवेगळ्या दंडांत चालते. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांची मात्र गरोदरपणात अजिबात नाही. त्या आधी घ्या आणि महिनाभर थांबा, किंवा बाळंतपणानंतर घ्या. अंगावर पाजत असतानाही चालतात.

प्रसाद: दंड दुखणं, एखाद-दोन दिवस कणकण, एवढं होऊ शकतं. त्यापुढे ताप राहिला तर लसीवर ढकलू नका. पावसाळ्यात मलेरिया-डेंग्यूची रक्ततपासणी लगेच.

सुलभाताई: सेक्रेटरीसाहेब, गेटवरच्या फळ्यावर तीनच ओळी लावूया: टीडी कधी, टीडॅप कोणत्या आठवड्यात, कार्ड सोबत. हा ग्रुप ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, त्या आपल्या मावश्यांच्या आणि वॉचमनदादांच्या घरीही गरोदर मुली आहेत. मराठी मी लिहिते, हिंदी कोणीतरी द्या. पालिका दवाखान्याचा लसीकरणाचा वार आणि वेळ सिस्टरना विचारून उद्या टाकते.

अनघा: हिंदी मी देते, ताई. फॉरवर्ड आला होता त्या दोन्ही ग्रुपवर केतकीताईंचं उत्तर टाकलंय.