हिंदीत 'कि' कधी आणि 'की' कधी?

प्रश्न (टंकलेखक): हिंदी मजकुरात 'उसने कहा की' चूक आणि 'उसकी बहन' बरोबर. बोलताना दोन्ही जवळपास सारखेच ऐकू येतात. ओळखायची पक्की खूण काय?

मुद्रितशोधक: मराठीत शेवटचा इकार दीर्घ लिहितात. 'आणि', 'नि' आणि 'तथापि'सारखी तत्सम अव्ययं तेवढी वेगळी. म्हणून आपली 'की' कायम दीर्घ, आणि तीच सवय हिंदीत नडते. तिथे हे वेगळे शब्द आहेत.

'की' ज्या शब्दाशी जुळते (एरवी पुढचा, 'की' क्रियापद असेल तर मागचा), तो पुल्लिंगी करून बघा. 'राम की किताब'चं 'राम का घर' होतं, 'बात की'चं 'काम किया', 'की वजह से'चं 'के कारण'. का, के किंवा किया झालं तर दीर्घ. काहीच बदलत नसेल तर तो जोडणारा 'कि', म्हणून ऱ्हस्व: 'कहा कि', 'चाय लोगे कि कॉफ़ी'.

हिंदीवाचक: क्योंकि, हालाँकि, जबकि, ताकि, बल्कि, चूँकि हे सगळे ऱ्हस्व. इथे चाचणी करत बसू नका, पाठच करा.

अनुवादक: खरी गंमत उलट्या दिशेने. मराठीतली 'की' हिंदीत दर वेळी 'कि' होत नाही. 'तो आला की सांग' म्हणजे 'वह आए तो बताना'. पण 'आला की नाही ते सांग' म्हणजे 'आया कि नहीं, बताना'. एका 'नाही'ने अर्थ फिरतो. 'आहे की!' आणि 'बस की!' मधली 'की' तर निव्वळ ठसका. तिथे हिंदीत 'है न', 'बैठो न' असं काहीतरी घ्यावं लागतं. 'कि' ठेवलात तर वाक्य अर्धवट वाटतं.

बंगाली शिकणारा: बंगालीत ऱ्हस्व-दीर्घावर प्रश्नच बदलतो. 'तुमि कि खाबे?' म्हणजे तू खाणार का? 'तुमि की खाबे?' म्हणजे तू काय खाणार? उच्चार तोच, बोलताना जोर कुठे दिलाय त्यावरून कळतं.

सीमेवरचा: तेलुगूत 'कि' हा चतुर्थीचा प्रत्यय. 'ऊरु' म्हणजे गाव, 'ऊरिकि' म्हणजे गावाला. जोडूनच लिहितात, आपल्या 'ला'सारखा.

टंकलेखक: मग 'उसने राम की बहन से बात की कि नहीं?' यात पहिले दोन दीर्घ, तिसरा ऱ्हस्व. बरोबर ना?

मुद्रितशोधक: बरोबर की!