मदत हवी आहे: वय ३६, सुरुवातीच्या दोन वर्षांचे गुण खराब, अमेरिकेत मेडिकलला अर्ज करायचाय

नमस्कार मंडळी,

मला अमेरिकेत एमडी किंवा डीओसाठी अर्ज करायचा आहे (दोन्ही इथल्या डॉक्टरकीच्या मूळ पदव्या, आपल्याकडच्या एमबीबीएससारख्या). ग्रीनकार्ड आहे, त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांना बरीच कॉलेजं दारातूनच परत पाठवतात ती अडचण माझ्यापुढे नाही. पेच गुणांचा आहे. पुढचं वर्ष नेमकं कशावर खर्च करावं हे ठरत नाहीये. इथे डॉक्टर आहेत, रेसिडेन्सी (पदवीनंतरचं इस्पितळातलं प्रशिक्षण) करणारे आहेत, मुलांचे अर्ज जवळून पाहिलेले पालकही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं बॅचलर्स इथलंच. सुरुवातीला बायोलॉजी मेजर होतं, पुढे अर्थशास्त्र घेतलं. पहिल्याच वर्षी बाबांना पक्षाघाताचा झटका आला. आईची नोकरी सुटली असती तर घराचा आरोग्यविमाच गेला असता, त्यामुळे दिवसा बाबांजवळ मी आणि रात्री अभ्यास, असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. कॅल्क्युलसमध्ये एफ, केमिस्ट्रीत सी, बायोलॉजीत सी हे सगळं तेव्हाचं. पुढच्या दोन वर्षांत ए आणि बीच आहेत. पण गुणपत्रिकेच्या तळाशी आकडा एकच छापलेला असतो: १२० क्रेडिट, जीपीए (ए ला ४, एफ ला ० धरून काढलेली सरासरी) २.९.

त्यानंतर बरीच वर्षं डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून नोकरी केली, अजूनही करते. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना जाऊन बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स पहिल्यापासून केलं, मग ऑरगॅनिक, बायोकेमिस्ट्री, आणि तो कॅल्क्युलससुद्धा. सगळीकडे ए आहे. साधारण ४० क्रेडिट झाली.

आता हिशेब बघा. एमडी कॉलेजांचे अर्ज ज्या अ‍ॅमकासमधून जातात तिथे विषय पुन्हा केला म्हणून जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही धरतात. डीओच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घ्यायचा, ती सोय २०१७ मध्ये बंद झाली. म्हणजे माझे जुने १२० गुणिले २.९, झाले ३४८ गुण. त्यात ४० क्रेडिटचे १६० मिळवले की ५०८. त्याला १६० ने भागलं की ३.१७५. इतक्या संध्याकाळी घालवून आकडा पाव अंकाने सरकला! तो ३.५ वर न्यायचा तर एकूण १४४ क्रेडिट ए आणावे लागतात, म्हणजे आणखी शंभराच्या वर. ती एक अख्खी पदवीच झाली. आणि एमडीला प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.७५ च्याही वर असते.

विज्ञान-गणिताचा जीपीए वेगळा काढतात, ज्याला इथे बीसीपीएम म्हणतात, तिथे चित्र जरा बरं आहे. जुनी ३० क्रेडिट २.४ ची होती, त्यात ही ४० घातली की ३.३१ होतात. ३० वर ४० पडल्यामुळे काटा बराच हलला. तरी मला राहून राहून वाटतं की माझी गुणपत्रिका सरासरीने वाचली तर एक विद्यार्थिनी दिसते आणि वर्षवार वाचली तर दुसरीच दिसते. निवड समितीत ती वर्षवार वाचतं का कुणी? की आकड्याच्या पहिल्याच चाळणीत अर्ज गळून पडतो? माझा मुख्य प्रश्न हाच आहे.

एका सल्लागारबाईंनी मला एक वर्षाचा स्पेशल मास्टर्स करायला सुचवलं. तिथे मेडिकलच्या पहिल्या वर्षासारखेच विषय असतात, काही ठिकाणी त्याच विद्यार्थ्यांबरोबर परीक्षा देता येते. पण ते गुण पदव्युत्तर म्हणून वेगळे दाखवतात, बॅचलर्सच्या जीपीएत त्यांनी काहीच फरक पडत नाही. फी भरपूर आहे, नोकरी सोडावी लागेल, आणि तिथे बी आले तर होतं तेही गेलं. माझं मन त्याला तयार नाही, पण ज्यांनी केलाय त्यांच्याकडून ऐकायला आवडेल.

दुसरा रस्ता म्हणजे आता वर्ग थांबवायचे आणि सगळं बळ एमकॅटवर, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेवर लावायचं. सराव परीक्षांत ५०८ ते ५११ च्या आसपास येतेय. कमाल ५२८ असते आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११ च्या थोडी पुढे. माझं घोडं उताऱ्यांच्या विभागात अडतं: ९० मिनिटांत ५३ प्रश्न, विषय तत्त्वज्ञानापासून कलेच्या इतिहासापर्यंत काहीही, आणि बाहेरचं ज्ञान वापरायची मुभा नाही. बायोकेमिस्ट्री पाठ करून सुधारते, हा विभाग तसा सुधारत नाही. परीक्षा वर्षात ३ आणि आयुष्यात ७ वेळाच देता येते, शिवाय प्रत्येक गुण कॉलेजला दिसतो, त्यामुळे ‘बघू देऊन’ असं करायचं नाहीये.

वयाबद्दल एकदाच लिहिते. सगळं सुरळीत झालं तर ३८ व्या वर्षी प्रवेश, ४२ ला पदवी, फॅमिली मेडिसिनची ३ वर्षं धरून ४५ ला स्वतंत्र काम. पुढे वीस वर्षं काम करता येईल. नवरा आणि मी, दोघांनी मिळून हा विचार केलेला आहे. तेव्हा ‘या वयात कशाला’ हा सल्ला कृपया नको.

आणि हे का करायचंय तेही सांगते, कारण निबंधात तेच लिहायचंय. शनिवारी मी एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेतात तिथे, स्वयंसेवक म्हणून जाते. पाणी गिळता येत नाही अशा पेशंटचे ओठ आणि जीभ ओल्या स्पंजच्या काडीने टिपायची असते. काडी पिळून घ्यायची, नाहीतर थेंब घशात जाऊन ठसका लागतो. एका दुपारी तिथल्या एका आजोबांचा श्वास बदलला. नर्सने डॉक्टरांना फोन केला, औषधाचा डोस बदलला आणि अर्ध्या तासात त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. डोस किती आणि का बदलला हे मला कळलं नाही, आणि ते कळणारा माणूस मला व्हायचंय. बाबांच्या वेळीही असंच वाटायचं, पण तेव्हा त्याला नाव देता आलं नव्हतं.

तर सांगा: आणखी वर्ग, स्पेशल मास्टर्स, की एमकॅट आणि लगेच अर्ज? आणि बाबांच्या आजाराबद्दल मुख्य निबंधात लिहावं का? जागा ५३०० अक्षरांची आहे, ती गुणांचं स्पष्टीकरण देण्यात घालवावी असं वाटत नाही.

प्रतिसाद

ताई, मी डीओ आहे, सध्या इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी. प्रवेश घेतला तेव्हा तिशी उलटून गेली होती आणि माझाही जीपीए तुमच्याच घरातला होता.

आणखी वर्ग नकोत. शेवटची ४० क्रेडिट ए, तीही ऑरगॅनिक-बायोकेमिस्ट्रीसकट, याने ‘हिला झेपेल का’ या प्रश्नाचं उत्तर दिलंय. आणखी २० ने ते जास्त खरं होणार नाही. काही कॉलेजं आकड्याची चाळणी लावतात, तिथे तुम्ही गळाल, ते धरूनच चाला. पण यादी विचारपूर्वक केलीत तर वर्षवार वाचणारी कॉलेजंही सापडतात. डीओ कॉलेजं यादीत भरपूर ठेवा. २०२० पासून एमडी आणि डीओंच्या रेसिडेन्सीची मान्यता एकत्र झाली आहे, त्यामुळे फॅमिली मेडिसिनसाठी डीओ होऊन काही अडत नाही. स्पेशल मास्टर्स हा एमकॅटचे गुण कमी आले तरचा उपाय, आधी नाही.

आजाराबद्दल मुख्य निबंधात दोन वाक्यं पुरेत. अ‍ॅमकासमध्ये आता अडचणींच्या अनुभवासाठी १३२५ अक्षरांचा वेगळा रकाना आहे, ते तिथे लिहा: काय झालं, किती काळ, नंतर काय बदललं. मुख्य निबंध त्या स्पंजच्या काडीचा आहे. तो तसाच लिहा.

अर्ज मेच्या शेवटी स्वीकारायला लागतात, पहिल्या आठवड्यातच द्या. एमकॅटचा निकाल यायचा असला तरी गुणपत्रिकांची पडताळणी सुरू होते. संध्याकाळच्या वर्गांच्या दोन विज्ञान शिक्षकांना शिफारसपत्राचं आत्ताच विचारा, ते तुम्हाला विसरायच्या आत.

आणि कर्जाचं बघा. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे पदव्युत्तर शिक्षणाचं सरकारी कर्ज मिळत नाही. सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर आहे. बऱ्याच खासगी कॉलेजांचा खर्च त्याच्या वर जातो, म्हणून राज्याचं सरकारी कॉलेज यादीत सगळ्यात वर हवं.

धागालेखिका

मनापासून आभार. वर्ग थांबवते, एमकॅट जानेवारीत देते. बायोकेमिस्ट्रीच्या सरांना आजच मेल केला, फिजिक्सच्या बाईंना उद्या करते. कर्जाच्या मर्यादेचं मला ठाऊक नव्हतं. आज रात्री नवऱ्याबरोबर बसून कॉलेजांची यादी त्या हिशेबाने पुन्हा लावते.

आता एकच राहिलं. उताऱ्यांच्या विभागात कुणाला तीन-चार गुणांनी वर जाता आलंय का? आलं असेल तर रोज काय वाचत होता आणि चुकलेले प्रश्न कसे तपासत होता, एवढं लिहा.