'बुरशीनाशक कवळी' चालेल का?

लातूरच्या एका दंतवैद्यांसाठी रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत करतोय. कवळीच्या गुलाबी ॲक्रिलिकमध्ये चांदीचे किंवा झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण मिसळले, तर कॅन्डिडा नावाची बुरशी तिच्यावर सहजी बस्तान मांडत नाही, असा मुद्दा आहे. मी लिहिलं, 'बुरशीनाशक अब्जांशकणयुक्त कवळी'. आईला वाचून दाखवलं. तिचा जन्म शेतात गेलेला. म्हणाली, "सोयाबीनच्या बियाला चोळायचं औषध लोकं तोंडात धरायलालेत व्हय रं?"

पर्याय सुचवा.

परभणी : आईंचं बरोबर आहे. आपल्याकडं बुरशीनाशक म्हणजे फवारा आणि हातमोजे. 'रोधक' घ्या. चांदीचे आयन (तिच्यातून सुटणारे विद्युतभारित कण) बुरशीच्या पेशी मारतातही, म्हणून 'रोधक' किंचित मवाळ पडतो, पण रुग्ण घाबरणार नाही.

अंबाजोगाई : 'रोधक' तरी कशाला? 'धरणे' हे क्रियापद आहे की. रांजणाला शेवाळ धरतं, लोणच्याला बुरशी धरते. 'बुरशी धरू न देणारी कवळी' म्हणा. खरी भानगड थर धरण्याचीच आहे. ॲक्रिलिकला बारीक छिद्रं असतात, त्यांत कॅन्डिडा घर करते, मग नुसत्या चूळ भरण्यानं हलत नाही.

नांदेड : माझा आक्षेप 'अब्जांशकण'वर. अब्जांश कशाचा? कणाचा नव्हे, मीटरचा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, आणि हे कण साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता 'बुटका'. सरळ 'नॅनोकण' लिहा, नॅनो युरियाच्या बाटलीमुळं शब्द गावोगाव पोचलाय. (आता आई म्हणतील, तोंडात खत घालायलालेत! शेतीतून सुटका नाही.)

हिंगोली : पत्रकात 'तोंड येणे' लिहिलंय का? असल्यास काढा. तोंड आलं म्हणजे फोड, तिखट झोंबणं. कवळीखालच्या संसर्गात बहुतेकदा टाळू नुसती लाल होते, तीही कवळीच्याच आकारात, आणि पुष्कळांना दुखतही नाही. गंमत बघा, कॅन्डिडा हा शब्द लॅटिनमधल्या 'पांढऱ्या'वरून आला, पूर्ण नाव 'कॅन्डिडा अल्बिकान्स', त्यातलं पुढचं 'अल्बिकान्स'ही पांढरेपणाचंच. नावात दोनदा पांढरी, आणि कवळीखाली खूण लाल.

बीड : 'चांदीची कवळी' असा शब्द मात्र चुकूनही येऊ देऊ नका, लोक सराफाचा भाव विचारतील. कणांचं प्रमाण फार वाढवलं तर त्यांच्या गुठळ्या होतात, कवळी ठिसूळ होते आणि चांदीनं गुलाबी रंगही काळवंडतो, हेही एका ओळीत घाला. अजून बराचसा अभ्यास प्रयोगशाळेतलाच आहे, तेव्हा 'बुरशी होणारच नाही' असं छापू नका.

मूळ प्रश्नकर्ता : सगळ्यांचे आभार. आता ओळ अशी केली : 'या कवळीत चांदीचे नॅनोकण मिसळलेले असल्यानं तिच्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही.' आईला पुन्हा वाचून दाखवली. हे समजलं म्हणाली, आणि लगेच विचारलं, "मग रात्री काढून वाटीत ठिवायची का न्हाई?" ठेवायचीच, आणि रोज घासायचीही. ते पत्रकात लिहायचंच राहिलं होतं.

एक अडलंय. 'बायोफिल्म'ला, म्हणजे कवळीवर बुरशी धरते त्या चिकट थराला, 'जैवपटल' घ्यावा, की आईचा 'बुळबुळीत थर'?