पश्चात्ताप: रडणं आणि वळणं

"लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासाच्या काळात) उपास केला, प्रार्थनेत डोळ्यांत पाणी आलं, एवढ्याने पश्चात्ताप झाला का?" हा तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला.

रडणं ही सुरुवात असते. बायबलमधल्या लूक १९ मधला जक्कय बघा, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला जकातदार. तो रडल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. उभा राहून तो थेट हिशेब मांडतो: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत. बायबलमध्ये पश्चात्तापासाठी मूळ ग्रीक शब्द आहे 'मेटानोइया', म्हणजे मन पालटणं.

आमचे बाबा रोज पहाटे स्तोत्र ५१, म्हणजे बायबलमधलं पश्चात्तापाचं स्तोत्र, मोठ्याने वाचायचे. धाकट्या काकांशी मात्र बांधावरून सात वर्षं अबोला. एका प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चमध्ये मत्तय ५:२३-२४ वाचलं गेलं: अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. बाबा अर्पणाचं पाकीट तसंच खिशात घालून उठले. काकांच्या ओट्यापाशी चपला काढून नुसते उभे राहिले. काकूने पाण्याचा तांब्या पुढे केला. पुढच्या आठवड्यात आमचा बांध दोन हात मागे आला.

पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणलं, ते साध्यासुध्या बायकांनाही कळावं म्हणून. वचन एकदा कळलं की टाळता येत नाही, हे मी घरात पाहिलंय.

उपास जरूर करा. मी सध्या रोज एकच उतारा सावकाश वाचते आणि खाली वहीत लिहिते, आपण कोणाचं देणं लागतो. काल तिथे मोठ्या ताईचं नाव आलं. आज संध्याकाळी तिला फोन करणार आहे.