ड्राफ्टिंग सांभाळून थ्रीडी व्ह्यूचं काम कसं जमवायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल आहे, नाशिकला एका आर्किटेक्टकडे सहावं वर्ष. सबमिशन (मंजुरीचे नकाशे), वर्किंग ड्रॉइंग (साइटवर बांधायची), एरिया स्टेटमेंट (क्षेत्रफळाचा तक्ता) सगळं माझ्याकडे. लॉकडाउनमध्ये घरी बसून स्केचअप (थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर) आणि व्ही-रे (त्यावरून खरं वाटणारं चित्र, म्हणजे रेंडर, काढायचं) शिकलो, तेव्हापासून ऑफिसचे थ्रीडी व्ह्यूही मीच काढतो. पगार ड्राफ्ट्समनचाच.

पैशाचं नंतर बघू, आधी वेळेचं. रेंडर लावला की मशीन अडकतं, आणि ड्रॉइंगचं ऑटोकॅडही त्याच मशीनवर. सर म्हणतात, "रेंडर होतोय तोवर सेक्शन मारून टाक." सेक्शन (इमारतीचा उभा छेद) कसला, कर्सर तीन सेकंदांनी हलतो!

मागच्या महिन्यात घोळ झाला. एका बंगल्याच्या पार्टीला दरवाजाचं लाकूड अजून गडद हवं होतं, चौथ्यांदा. मी छटा जुळवत बसलो होतो, तेवढ्यात आरसीसी कन्सल्टंटचा सुधारित कॉलम ले-आउट मेलवर आला. जिन्याजवळचा 230 बाय 450 मिमीचा कॉलम 230 बाय 600 झालेला. संध्याकाळी करू म्हणून ठेवला आणि विसरलो. साइटवर लाइनआउट (जमिनीवर आखणी) जुन्या प्रिंटवर झालं. सुपरवायझरचा फोन आला तेव्हा फुटिंगची (पायाची) जाळी बांधून कॉलमचं स्टीलही उभं राहिलं होतं. काँक्रीट पडायचं होतं, म्हणून वाचलो. सर ओरडले नाहीत. "तू आता चित्रकार झालास" एवढंच म्हणाले. ते जास्त लागलं.

आता एका बिल्डरला मिनिटभराचा वॉकथ्रू (इमारतीतून फिरवणारा व्हिडिओ) हवाय. सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे 1500 फ्रेम. फ्रेमला 4 मिनिटं धरली तरी 100 तास. चार दिवस-रात्र मशीन बंद करायचं नाही. मग सबमिशन कशावर करू?

पुण्यात एका स्टुडिओत फक्त व्हिज्युअलायझेशनची नोकरी मिळतेय. पण ड्राफ्टिंगचा हात जाईल ही भीती आहे. माझे व्ह्यू बरे दिसतात ते ड्रॉइंग कळतं म्हणूनच. सिल (खिडकीची खालची कड) 900 मिमीवर, छज्जा किती बाहेर, स्लॅबखाली बीम किती लोंबतो, हे डोक्यात असतं. नुसतं सॉफ्टवेअर शिकून आलेली पोरं बीम विसरतात आणि खिडकी थेट स्लॅबला टेकवतात.

दोन्ही करणाऱ्यांनी दिवस कसा वाटून घेतलाय? आणि सरांकडे दुसरं मशीन मागू की पगारवाढ? दोन्ही एकदम मागितलं तर काहीच मिळणार नाही, ओळखतो त्यांना.

प्रतिसाद:

ठाण्यात मीही हेच भोगलंय. आधी मशीन मागा. पगार वाढला तरी कर्सर तीन सेकंदांनीच हलणार! तोवर फायनल रेंडर संध्याकाळी घरी निघताना लावायचा. दिवसा फक्त क्ले रेंडर, मटेरियल न लावता. त्यावर पार्टीकडून कॅमेरा अँगल पक्का करून घ्यायचा. रंगाचे बदल दोनदा, तिसऱ्यांदा पैसे, हे सरांच्या तोंडून सांगवा, तुमच्या नाही. वॉकथ्रूला व्ही-रे नकोच. लुमियन किंवा ट्विनमोशनमध्ये फ्रेम काही सेकंदांत निघते, फक्त ग्राफिक्स कार्ड चांगलं लागतं. आणि सकाळचा पहिला तास मेल आणि रिव्हिजनचा, स्केचअप उघडायचंच नाही. नवी प्रिंट साइटवर देताना जुनी हातातून परत घ्या.

पुण्याला गेलात तर मुलाखतीत एक सांगा. मंजूर नकाशात नसलेली बाल्कनी ब्रोशरच्या चित्रात दाखवली तर रेराच्या (स्थावर मालमत्ता कायद्याच्या) कलम 12 खाली बिल्डर अडकू शकतो. नकाशा वाचून व्ह्यू काढणारा माणूस त्यांना म्हणूनच हवा असतो.

धागाकर्ता:

धन्यवाद दादा. सरांशी आज बोललो. "मशीनचं बघू" म्हणाले, म्हणजे दिवाळी गेली. सध्याचं कार्ड 4 जीबीचं आहे. एका बंगल्याचं मॉडेल ट्विनमोशनमध्ये उघडेल का, की झाडं टाकली की हँग होईल?