चाकणमध्ये ऑपरेटरची पहिली नोकरी: होकार देण्यापूर्वी काय विचारावे?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाने आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून, चाकण एमआयडीसीत ठेकेदारामार्फत त्याला महिना १८,००० रुपयांवर बोलावले आहे. कोणत्या गोष्टी तपासाव्यात?

उत्तर १: हा आकडा कपातीपूर्वीचा की नंतरचा, हे लेखी घ्यावे. मूळ वेतन व महागाई भत्त्यावर १२ टक्के पीएफ कापला जातो. वेतन २१,००० रुपयांच्या आत असल्याने ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा) ०.७५ टक्केही जातात, परंतु त्यातून अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळतात, म्हणून ती कपात मला मोलाची वाटते.

उत्तर २: ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा. यूएएन (पीएफ खात्याचा कायमस्वरूपी क्रमांक) पहिल्याच महिन्यात मागून घ्यावा.

उत्तर ३: आयटीआयचे प्रमाणपत्र, आधार व बँक पासबुक तयार ठेवावे. रात्रपाळीला कंपनीची बस आहे का, हेही विचारावे.