विली नेल्सनचा ‘प्रिटी पेपर’ उरकलेल्या ख्रिसमस अल्बमांत धरू नका

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं संगीत. ते गाणाऱ्यांचे ख्रिसमस अल्बम म्हणजे कंपनीने डिसेंबरच्या विक्रीसाठी उरकून घेतलेलं काम, असं अनेकदा म्हटलं जातं. बऱ्याच अल्बमांबद्दल ते खरंच आहे. पण कंट्री गायक विली नेल्सनचा पहिला ख्रिसमस अल्बम, १९७९चा ‘प्रिटी पेपर’, ऐकलाय का?

त्याचं शीर्षकगीत विलीचं स्वतःचं आणि बरंच जुनं. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला एका मोठ्या दुकानाबाहेर एक अपंग माणूस कागद, पेन्सिली विकायचा. विलीने त्याला पाहिलं होतं. भेटवस्तूंचे रंगीत कागद, रिबिनी, खरेदीची घाई, आणि त्या गर्दीत कुणीच ज्याच्यासाठी थांबत नाही असा हा माणूस. गाणं एवढंच. सणाच्या गाण्यात असलं काही घालायला धाडस लागतं! १९६३मध्ये ते अमेरिकन गायक रॉय ऑर्बिसनने गाऊन गाजवलं. तेव्हा विली कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमध्ये मुख्यतः गीतकार म्हणूनच ओळखला जायचा.

अल्बमचा निर्माता बुकर टी. जोन्स, म्हणजे अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या सोल संगीतातला (कृष्णवर्णीयांच्या भावपूर्ण गाण्यांतला) ऑर्गनवादक. वर्षभर आधीचा ‘स्टारडस्ट’ हा अल्बमही विली आणि बुकर टी. याच जोडीचा. त्यामुळे इथे व्हायोलिनांचा पूर नाही, घंटांचा किणकिणाट नाही. नायलॉनच्या तारांची विलीची जुनी गिटार, मिकी राफेलचा हार्मोनिका आणि तालाच्या किंचित मागेपुढे रेंगाळणारा विलीचा आवाज.

‘रुडॉल्फ’ आणि ‘फ्रॉस्टी’ ही नेहमीची ख्रिसमस गाणी मला कंटाळवाणी वाटली, ती खुशाल गाळा. शेवटची ‘ख्रिसमस ब्लूज’ ही शब्दांविना वाजवलेली धून मात्र चुकवू नका. ती विली आणि बुकर टी. या दोघांनी मिळून रचलीय.